मागच्या चाकाचा ब्रेक आणि चाळीसगावचा टांगा



नोव्हेंबर सरत आला की आपल्या नाशिकच्या वस्त्यांतून एकच बोलणे सुरू होते : सहा डिसेंबरला चैत्यभूमीला कसे जायचे? कोणी रेल्वेने जातो, कोणी एसटीने, कोणी मंडळाने ठरविलेल्या गाडीने. अलीकडे मात्र एखाद-दुसऱ्या घरापुढे जुनी का होईना, चारचाकी उभी दिसते. कोणी भाड्याने चालविण्यासाठी घेतलेली, कोणी पतसंस्थेचे कर्ज काढून घरच्यांसाठी घेतलेली. आम्हांस याचा मनापासून आनंद वाटतो. पण गाडी दारात आली की जबाबदारीही दारात येते. म्हणून या आठवड्यात दाखले, अर्ज आणि शिष्यवृत्त्या बाजूला ठेवून आम्ही गाडीच्या मागच्या ब्रेकवर लिहिणार आहोत. कारकुनी करणाऱ्याच्या हाती पाना कसा आला, असे कोणी विचारील. तर घडले ते असे.

आमचा भाचा अंबडच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. त्याने गेल्या वर्षी एक जुनी गाडी घेतली. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी रात्री तो आमच्या आक्काला शहापूरहून घेऊन आला. गाडी दारात थांबली तोच जळका वास आला. मागच्या डाव्या चाकाजवळ हात नेला, तर तव्याजवळ न्यावा तशी धग!

भाचा म्हणाला, "मामा, कसाऱ्याचा घाट आहे ना, चाक तापणारच."

आम्ही म्हणालो, "अरे, तू घाट चढून आलास. चढताना ब्रेक कोण दाबतो? आणि घाटाने तापायचे तर दोन्ही बाजूंची चाके तापावीत. हे एकच का तापले?"

त्याच्याकडे उत्तर नव्हते, आणि खरे सांगायचे तर आमच्याकडेही नव्हते. पुढच्या आठवड्यात याच गाडीतून आक्का, भाचा, भाचेसून आणि दोन लहान मुले असे पाच जीव तोच घाट उतरून दादरला जाणार होते.

गाडीच्या पुढच्या बंपरला आधीच्या मालकाने बांधलेले लिंबू-मिरची वाळून काळे पडले होते. मागच्या काचेवर भाच्याने हौसेने निळ्या अक्षरांत 'जयभीम' लिहून घेतले होते. लिंबू आम्ही तेव्हाच तोडून फेकले. पण मनात आले, लिंबू गाडी थांबवीत नाही हे आपल्याला कळते. मग स्टिकरही गाडी थांबवीत नाही, हे का कळू नये? गाडी थांबते ती ब्रेकने, आणि तो ब्रेक आम्हां दोघांपैकी कोणीच कधी पाहिला नव्हता.

ब्रेक थांबवितो कसा?

दुसऱ्या दिवशी आम्ही वस्तीतल्या एका काकांकडे गेलो. ते एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांनी जे समजावले ते आमच्यासारख्या कॉमर्सवाल्यालाही कळले, म्हणून इथे देतो.

सायकलचा ब्रेक दाबला की दोन रबरी गुटके रिमला दोन बाजूंनी धरतात. गाडीचा डिस्क ब्रेक त्याच जातीचा. चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते, ती डिस्क. तिच्यावर एक चिमटा बसविलेला असतो, तो कॅलिपर. चिमट्याच्या आत दोन बाजूंना दोन पॅड असतात. पायाने पेडल दाबले की नळीतले ब्रेक ऑइल पिस्टनला ढकलते आणि पॅड डिस्कला आवळतात. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरने १९०२ साली या युक्तीचे पेटंट घेतले. डिस्क उघड्यावर असल्यामुळे तिला वारा लागतो, ती लवकर निवते. म्हणून घाटात तिचा उपयोग मोठा.

आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो. मागेही डिस्क असलेल्या गाड्या थोड्या. पण त्या आता वाढत आहेत. आपल्या नाशिकच्या महिंद्रा कारखान्यात तयार झालेल्या २०१८ सालच्या मराझोला आणि २०१९ सालच्या एक्सयूव्ही ३०० ला चारही चाकांना डिस्क दिलेल्या आहेत. सातपूर-अंबडला आपली कितीतरी मुले गाड्यांचे भाग बनवितात आणि जोडतात. पण स्वतःच्या दारातल्या गाडीचे चाक काढायचे म्हटले की आपण घाबरतो किंवा भलतेच धाडस करतो.

आता चाक एकटेच का तापले? बहुतेक गाड्यांच्या मागच्या कॅलिपरला पिस्टन एकाच बाजूला, आतून असतो. तो आतला पॅड ढकलतो, आणि कॅलिपर स्वतः दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. या पिना रबरी टोप्यांत, ग्रीसमध्ये बसलेल्या असतात. टोपी फाटली की पावसाचे पाणी आणि चिखल आत जातो. इगतपुरीकडचा पाऊस आपल्याला ठाऊक आहेच. पिना गंजल्या की कॅलिपर सरकेनासा होतो. मग पाय काढला तरी पॅड डिस्कला घासत राहतो. चाक तापते, पेट्रोल जास्त जाते आणि एका बाजूचा पॅड झिजून जातो. हँडब्रेकची केबल अडकली तरीही हेच घडते.

चाक काढण्याआधी

काकांनी आधी तीन प्रश्न विचारले. तेच आम्ही वाचकांना विचारतो.

पहिला : हँडब्रेक कोणता? ओढायचा दांडा आहे की नुसते बटण? बटण असेल तर त्या कॅलिपरवर विजेची मोटर असते आणि ती आधी कॉम्प्युटर लावून किंवा कंपनीने सांगितलेल्या रीतीने मागे घ्यावी लागते. अशा गाडीला घरी हात लावू नये.

दुसरा : जागा कशी आहे? सपाट, टणक जमीन हवी. उतार, माती, हलणाऱ्या फरश्या चालणार नाहीत. मागच्या ब्रेकचे काम करताना हँडब्रेक सोडलेला असतो, म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून भक्कम लाकडी ठोकळे लावलेच पाहिजेत. भाच्याच्या गाडीला इंजिनाची ओढ पुढच्या चाकांना आहे. पहिल्या गिअरमध्ये ठेवल्यावर ती चाके धरून राहतात. ओढ मागच्या चाकांना असेल तर गिअरवर विसंबू नये.

तिसरा : जॅकशिवाय खाली ठेवायला लोखंडी स्टँड आहे का? आम्ही म्हणालो, विटा आहेत. काका उठून घरात गेले आणि स्वतःचे दोन स्टँड घेऊन आले. "वीट फुटते, जॅक सरकतो. गाडी नुसत्या जॅकवर असताना तिच्याखाली हातसुद्धा घालायचा नाही," ते म्हणाले.

रविवारची सकाळ

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल केले. मग गाडी उचलली, स्टँडवर ठेवली, चाक काढले आणि तेच चाक आडवे करून गाडीच्या कडेखाली सरकविले. चुकून गाडी घसरलीच तर ती माणसावर न येता चाकावर यावी, एवढ्यासाठी.

आम्ही उत्साहाने काळी धूळ फुंकायला वाकलो, तर काकांनी मागे ओढले. ब्रेकची धूळ फुंकू नये, कोरड्या ब्रशने झाडू नये, हवेच्या पंपाने उडवू नये. जुन्या पॅडमध्ये आणि लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुप्फुसात बसली तर वर्षानुवर्षांनी रोग होतो. तोंडाला मास्क बांधावा आणि धूळ ओल्या फडक्याने पुसावी किंवा ब्रेक क्लिनर मारावा. रॉकेल, डिझेल वापरू नये. त्याचा तेलकट थर मागे राहतो. पेट्रोल तर मुळीच नको.

कॅलिपरच्या मागे दोन बोल्ट असतात. ते काढले की कॅलिपर उचलला जातो. तो रबरी नळीवर लोंबकळू देऊ नये. तारेने वर बांधून ठेवावा. नळी आतून तुटली तर बाहेरून दिसत नाही.

पॅड हातात आले आणि आमच्या पोटात गोळा आला. बाहेरच्या पॅडवर निम्मा थर शिल्लक होता आणि आतल्या पॅडवर जेमतेम नखाएवढा. पत्र्याला पत्रा लागायला फार दिवस उरले नव्हते. साधारण नियम असा, की पत्रा सोडून घासणारा थर तीन मिलिमीटरच्या आसपास आला की पॅड बदलावेत आणि ते दोन्ही बाजूंच्या चाकांचे एकदमच बदलावेत. डिस्कची कमीत कमी जाडी किती चालेल, हे बहुधा डिस्कवरच कोरलेले असते, तीही पाहावी.

खालची पिन सहज निघाली. वरची हलेना. तिची टोपी फाटलेली, आत लाल गंज. भाचा म्हणाला, "मामा, चार महिन्यांपूर्वीच तर गॅरेजमध्ये सर्व्हिसिंग केले. पावती आहे." पावतीवर 'ब्रेक सर्व्हिस' असे लिहिलेले होते खरे, पण त्या पिनेला ग्रीस लागून वर्षे लोटली असावीत. पावती म्हणजे काम नव्हे, हे कारकुनाला दुसऱ्याने शिकवायची गरज नाही. गॅरेजमध्ये गाडी द्यायची तरी, 'पिना काढून दाखवा,' एवढे म्हणण्यापुरते ज्ञान आपल्याजवळ असावे.

पिन हळूहळू फिरवून काढली, स्वच्छ केली. ती गंजाने खाल्लेली होती, म्हणून नवीच आणली. टोप्याही नव्या आणल्या. ग्रीस लावण्याची वेळ आली तेव्हा आम्ही शेजारच्या रिक्षावाल्याकडचा ग्रीसचा डबा पुढे केला. काका म्हणाले, "हे नको. साध्या ग्रीसने आणि इंजिन ऑइलने ही रबरे फुगतात. फुगली की पिन पुन्हा अडकते." ब्रेकसाठी वेगळे ग्रीस मिळते, तेच पातळ हाताने लावावे. पॅडवर आणि डिस्कवर त्याचा डागही पडता कामा नये.

त्यानंतर आमची खरी चूक होता होता राहिली. नवे पॅड जाड असतात, म्हणून पिस्टन मागे न्यावा लागतो. आम्ही सी-क्लॅम्प लावून जोराने दाबणार, तोच काका ओरडले, "थांबा, तो दाबायचा नाही, फिरवायचा!" ज्या मागच्या कॅलिपरमध्ये हँडब्रेकची यंत्रणा आतच असते, त्याचा पिस्टन स्क्रूसारखा फिरवत आत न्यावा लागतो. त्याचे वेगळे हत्यार मिळते. जोराने दाबला तर आतली यंत्रणा तुटते आणि तो तुटलेला कॅलिपर बाहेरून धड दिसतो. कोणत्या बाजूला फिरवायचा, हे गाडीच्या पुस्तकात पाहावे. पिस्टनच्या तोंडावर खाच असेल तर पॅडमागचा उंचवटा तिच्यात नीट बसला पाहिजे. पिस्टन मागे जाताना बॉनेटखालच्या बाटलीतले ब्रेक ऑइल वर येते; ते सांडले तर गाडीचा रंग जातो, लगेच पाण्याने धुवावे. पिस्टनभोवतीचे रबर फाटलेले किंवा ओले दिसले तर काम तिथेच थांबवावे आणि जाणकार मेकॅनिकला बोलवावे.

उजव्या बाजूचे कामही असेच केले. एका वेळी एकच बाजू उघडायची, म्हणजे विसरले तर दुसरी बाजू पाहता येते. बोल्ट पुस्तकात दिलेल्या मापाने आवळायचे. त्यासाठी मापाचा पाना काकांनी ओळखीच्या गॅरेजातून आणून दिला. चाकाचे नट एकाआड एक, समोरासमोरचे आवळायचे.

आणि सर्वांत महत्त्वाचे : गाडी सुरू करण्यापूर्वी पेडल पुन्हा पुन्हा दाबायचे. पिस्टन मागे गेलेला असतो, त्यामुळे पहिल्यांदा पेडल थेट तळाला जाते. ते कडक होईपर्यंत गाडी जागची हलवायची नाही. धाकटी भाची सकाळपासून बॅटरी धरून उभी होती. तीच आत बसली आणि "आता घट्ट झालं, मामा," असे तिने सांगितल्यावरच भाच्याने किल्ली फिरविली. मग मोकळ्या मैदानात, माणसाच्या चालीने जाऊन ब्रेक तपासला. पेडल कडक झाले नसते तर गाडी मैदानातसुद्धा न्यायची नव्हती.

ऑइल आणि उतार

ब्रेक ऑइलच्या नावात ऑइल असले तरी त्यात इंजिनचे ऑइल कधीही घालू नये. ब्रेकची सारी रबरे नासतात. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेते. डॉट ४ जातीचे नवे ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल धरली की ही मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. घाटात ब्रेक तापून ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दबत नाही, वाफ दबते. मग पेडल खाली जाते आणि गाडी थांबत नाही. म्हणून बाटलीच्या झाकणावर लिहिलेल्या जातीचेच ऑइल वापरावे आणि साधारण दर दोन वर्षांनी बदलून घ्यावे. हे बदलताना नळीतली हवा काढावी लागते. ते काम शिकलेल्या माणसाकडूनच करवावे.

चालविणाऱ्यांनाही हात जोडून सांगणे आहे. पेट्रोल वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करू नका, इंजिन तर बंद करूच नका. इंजिन बंद झाले की दोन-चार दाबांत ब्रेक दगडासारखा कडक होतो. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावा. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा सुरू झाला आणि बोगद्याची वाट मिळाली. पण कसाऱ्याचा घाट ओस पडलेला नाही, आणि ब्रेक तर कोणत्याही रस्त्यावर लागतोच.

चाळीसगावचा टांगा

काम आटोपून चहा घेताना आम्ही काकांना विचारले, "हे सगळे तुम्हाला शिकविले कोणी?" ते हसले. लहानपणी ते एका गॅरेजात पोऱ्या होते. पाने पुसायचे, चहा आणायचा. इंजिनाला हात लावायचा नाही. उस्ताद काम दाखवीत नसे. "डोळ्यांनी चोरून शिकलो," ते म्हणाले. हे ऐकले आणि आम्हांस बाबासाहेबांचा चाळीसगावचा प्रसंग आठवला.

१९२९ सालची गोष्ट. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब खानदेशात फिरत होते. रेल्वेने ते चाळीसगावला उतरले. त्यांना वस्तीत न्यायला टांगा हवा होता. पण अस्पृश्याचा टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी तडजोड निघाली : टांगा देऊ, हाकणार नाही. आपल्या माणसांना वाटले, एवढा मोठा पाहुणा पायी कसा न्यायचा? म्हणून त्यांच्यातलाच एकजण लगाम धरून बसला. त्याने जन्मात टांगा हाकला नव्हता; पण त्यात काय मोठे, असे त्याला वाटले. थोड्याच अंतरावर मोटारीशी टक्कर होता होता वाचली. पुढे नदीवरच्या बिनकठड्याच्या पुलावर चाक कडेच्या दगडावर आदळले. बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा नदीत पडला. बाबासाहेबांचा पाय मोडला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत त्यांनी हे लिहून ठेवले आहे. आणि पाहुण्याच्या मानापेक्षा त्याचा जीव मोठा, हा विचार त्या माणसांनी केला नाही, अशी नोंदही केली आहे.

आमच्या मते यात दोन गोष्टी आहेत. टांगेवाल्यांचा तो अन्याय होता. त्याला क्षमा नाही. पण लगाम धरणाऱ्याची माया खरी असूनही तिला ज्ञानाची जोड नव्हती, आणि मायेने चाक वळत नाही. त्याला टांगा हाकायला शिकू दिले नव्हते. आपल्याला आज कोण अडवतो? आज आपली मुले आयटीआयला जातात, कारखान्यात गाड्या जोडतात. तरीही आम्ही त्या रविवारी 'त्यात काय मोठे' म्हणत सी-क्लॅम्प उचललाच होता. काका नसते, तर चांगल्या भावनेने आम्हीच आमच्या आक्काचा घात केला असता. तथागतांनी कालामांना सांगितले, की कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. ते पावतीलाही लागू आहे, लिंबालाही, आणि स्वतःच्या शहाणपणालाही.

म्हणून आमची एक सूचना आहे. प्रत्येक विहाराने वर्षातून दोन रविवार वाहनांसाठी ठेवावेत. एक सहा डिसेंबरपूर्वी, दुसरा चौदा एप्रिलपूर्वी. वस्तीतल्या जाणकारांनी गाड्या उघडून दाखवाव्यात, मुलामुलींनी पाहाव्यात, शिकाव्यात. दोन लोखंडी स्टँड, ठोकळे, पिस्टन फिरविण्याचे हत्यार आणि मापाचा पाना वर्गणीतून एकदाच घ्यावा आणि विहारात ठेवावा. कोणाला डोळ्यांनी चोरून शिकावे लागू नये. ज्याला काम येत नाही त्याने 'मला येत नाही' असे सांगावे. त्यात कमीपणा नाही.

गेल्या सहा डिसेंबरला सकाळी भाच्याचा फोन आला. घाट उतरून खर्डीला चहाला थांबला होता. म्हणाला, "मामा, हात जवळ नेऊन पाहिला. मागची दोन्ही चाकं सारखीच कोमट आहेत." पलीकडून आक्काचा आवाज आला, "सांग त्याला, काकांना जयभीम म्हणावं." आम्ही तसेच उठलो आणि निरोप द्यायला काकांच्या घरी गेलो.

जयभीम! जय भारत!